दोन ठिगळं

"माझं घ्या," कमळाबाई म्हणाल्या. "हवं तेवढं घ्या."

डॉक्टरांनी शैलाच्या पाठीवरचं कापड अलगद खाली सोडलं. स्टोव्हचा भडका उडून चौदा वर्षांच्या पोरीची पाठ भाजली होती. "एकट्या तुमचं कातडं पुरणार नाही, बाई. आणखी कोणी आहे?"

कोण असणार? संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चांवर गोळीबार झाला होता. परळला संचारबंदी, ट्राम बंद. फणसवाडीहून यजमानांना येता येत नव्हतं.

"माझं घ्या की, डाक्टर," वॉर्डातली आया राधाबाई बादली ठेवत म्हणाली. "दोन मांड्या आहेत. एकीवर भागंल माझं."

खाटांवरच्या बायका हसल्या. कमळाबाईंनी पदर कपाळावर ओढला. "परकं कातडं नको माझ्या मुलीला."

"परकं टिकत नाहीच," डॉक्टर म्हणाले. "शरीर आपलं-परकं ओळखतं. दहा-बारा दिवसांत गळून पडतं. पण तोवर जखम झाकलेली राहील, खालून तिचं स्वतःचं भरून येईल. नाहीतर ती वाचायची नाही."

"आणि आईचं?"

"तेही गळायला हवं."

"गो बाय, आवशीचा कातडा गळता काय कधी?" शेजारच्या खाटेवरची यशोदा म्हणाली. सगळा वॉर्ड तिच्या बाजूचा होता.

शैलाच्या उजव्या खांद्यावर कमळाबाईंचं कातडं बसलं, डाव्या खांद्यावर राधाबाईचं.

मांडीच्या ठणक्यानं कमळाबाईंना चार दिवस उठवेना. शैला ग्लानीत "आई" म्हणायची आणि लंगडत राधाबाई पोचायची. पाचव्या दिवशी कमळाबाई भिंत धरत आल्या, तेव्हा ती शैलाच्या वेण्या घालत होती.

"राहू दे. तिचे केस मीच विंचरते," त्यांनी फणी घेतली. वेण्या सोडून नेहमीसारखे केस कानावरून पुढे घेतले.

कामाची पाळी संपली तरी त्या दिवसापासून राधाबाई घरी जायला उशीर करू लागली. खाटेच्या पायथ्याशी बसून नुसती बघत राही.

रोज पट्टी उघडली की कमळाबाई आधी डावा खांदा बघत. मग उजवा.

बाराव्या दिवशी दोन्ही ठिगळं काळवंडून सुटली. खाली कडांनी गुलाबी कातडी भरत आली होती.

"बघा, एकाच दिवशी," डॉक्टर म्हणाले. "शरीराला आई कळत नाही, बाई. मनाला लावून घेऊ नका."

कमळाबाई हुंदके देऊन रडल्या. यशोदेनं त्यांची पाठ थोपटली.

महिन्यानं घरी निघताना शैला राधाबाईच्या पाया पडली. राधाबाईनं तिला उठवलं. तोंडावरून हात फिरवला. तिचे केस डाव्या कानावरून पुढे घेतले, नीट बसवले.

"असेच राहू दे, पोरी. आई घेते तसे."

मग कमळाबाईंकडे बघून म्हणाली, "सांभाळून न्या, ताई."

बारा वर्षांपूर्वी, गोदीच्या स्फोटानंतर तिसऱ्या दिवशी, हीच राधाबाई फणसवाडीत दारोदार फिरत होती. "दोन वर्षांची पोर बघितली का हो, ताई? डाव्या कानामागं लाल डाग आहे."

"नाही," कमळाबाई म्हणाल्या होत्या, आणि टाचेनं आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं होतं.