रेडिओग्राम

मिठबावात सुशांतचं नवं हॉटेल होतं. यशोदाकाकूंचा व्हॉल्व्हचा रेडिओग्राम, रेडिओ आणि तबकड्या वाजवणारी मोठी लाकडी पेटी, त्याला हवा होता. आतलं सगळं काढून त्यात दारूचे ग्लास मांडायचे होते. काकू नवऱ्याला घेऊन मुलाकडे पुण्याला निघाल्या होत्या. तिथे एवढ्या पेटीला जागा नव्हती. "झिला, वाजवशीत मा?" त्यांनी विचारलं. "रोज वाजवतलंय," तो म्हणाला. "मगे घेवन जा. आधी हेंका एकदा आयकूक दी." काकूंनी भजनाची तबकडी लावली. काका ठार बहिरे होते. त्यांनी पेटीवर तळहात टेकला, डोळे मिटले. मग हसून सुशांतचा हात ओढला आणि आपल्या हाताखाली ठेवला. लाकूड थरथरत होतं. सुशांतला मान वर करवेना. "काकू, मी खोटा बोललंय. माका नुसती पेटी होई होती." काकूंनी तोंड फिरवलं. काकांना ऐकू गेलं नव्हतं. ते सुशांतच्या हातावर ठेका देत राहिले.