एकेचाळीस नंबरचा मालक

"हा बघा एकेचाळीस नंबर. मालकाचं नावही तुमच्या आजोबांचंच." नकाशाताईंनी जुन्या नकाशावर बोट टेकवलं.

शिंप्याचा चेहरा उजळला. "नव्वदीची आई अंथरुणाला खिळलीय, ताई. एकदा वडिलांच्या जमिनीला पाय लावायचेत म्हणते. तिनं वडील कधी पाहिलेच नाहीत."

"मग उद्याच न्या तिला. माझ्या आजोबांचा नकाशा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ."

ताईंचा हा तोरा सगळ्यांना पाठ होता. आजोबांच्या मोजणीच्या साखळ्या, नकाशांची कपाटं, सगळं वडिलांकडून, म्हणजे आजोबांच्या एकुलत्या एका मुलाकडून, ताईंकडे आलं होतं. पूर्वज शोधत आलेल्या कुणालाही त्यांनी आजवर रिकाम्या हाती पाठवलं नव्हतं.

जागा नेमकी दाखवावी म्हणून त्यांनी जुन्या नकाशाचा ट्रेसिंग कागद आजच्या नकाशावर ठेवला. सगळे तुकडे बरोबर बसले. एकेचाळीस नंबर मात्र उभ्या कड्यावर पडला.

"दरड कोसळली असेल," शिंपी म्हणाला.

"कडा काल उगवलेला नाही हो." ताईंनी कपाटातली लाल वही काढली, पान उलटलं आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. नाव वहीत होतं.

"ऐका. लोक नकाशे चोरून छापायचे. म्हणून आजोबा प्रत्येक नकाशात एक खोटा तुकडा घालायचे, खोट्या मालकासकट. दुसऱ्याच्या नकाशात तो दिसला की चोर सापडला. ही त्या खोट्या नावांची यादी."

दर नकाशाला नवं नाव होतं. हे तेवढं ओळीनं चार नकाशांत तेच. आजोबांनी नेमका तेव्हाच कंटाळा केला असावा.

"म्हणजे माझे आजोबा..."

"असा माणूस जन्मालाच आला नाही. माफ करा."

शिंप्यानं नकाशावरच्या नावावर बोट ठेवलं. "आईला शाळेत घालताना वडील कोण, असं विचारलं, तेव्हा आजीनं हाच नकाशा पुढे केला होता. हे बघा नाव, म्हणाली. गुरुजींनी मुकाट्यानं लिहून घेतलं."

ताईंना त्या बाईचं कौतुकच वाटलं. "खमकी होती हो तुमची आजी! पण एवढा महागाचा नकाशा तिच्या हाती लागला कसा?"

"हाती कसला लागतोय? रंगवायचीच ती नकाशे, तुमच्या आजोबांकडे. आईच्या वेळी दिवस गेले, तोवर."