कल्हई वेगळी, भांडं एकच

"पांढरी गोळी खांद्याची, केशरी गुडघ्याची. पासष्टाव्या वर्षी बाराखडी शिकलास म्हणून लगेच डॉक्टर झालास का रे?" मुकुंदा हसला आणि उपाशीपोटी, चहाच्या घोटाबरोबर दोन्ही गोळ्या गिळायला निघाला.

चाळीस वर्षं आम्ही एकाच कारखान्यात तांब्याची भांडी ठोकतोय. रंग बघून धातू ओळखायची आमची सवय. त्यामुळे रंग वेगळा म्हणजे औषधही वेगळं, असं त्याने धरलं होतं. गोळ्या दोन वेगवेगळ्या डॉक्टरांच्या, आणि एकाची दुसऱ्याला खबर नाही. आठवडाभर त्याच्या पोटात आग होत होती. काल तर शौचाला डांबरासारखं काळं झालं होतं.

मी दोन्ही पाकिटं हिसकावली. मागच्या बारीक देवनागरी अक्षरांवर बोट ठेवून एकेक जोडत गेलो. डा-य-क्लो-फे-नॅ-क. दुसऱ्या पाकिटावरही तेच!

"मुकुंदा, कल्हई वेगळी आहे, भांडं एकच!"

त्याला तसाच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी पाकिटं पाहिली. "एकच औषध दुप्पट, तेही रिकाम्या पोटी. आतून रक्त जातंय. अजून दोन दिवस गेले असते तर कठीण होतं. कोणी ओळखलं हे?"

मुकुंदाने माझ्याकडे बोट दाखवलं.

महिन्याने तो ठणठणीत होऊन कारखान्यात आला आणि दारातूनच माझ्याकडे बघून ओरडला, "आपापल्या गोळ्या काढा रे! आपले मास्तर वाचून सांगणार आहेत!"

मी चष्मा पुसला. भर कामाच्या वेळी सगळे हातोडे एकदम थांबलेले मी चाळीस वर्षांत पहिल्यांदाच पाहिले.