पेटीतला माणूस

चांदीप गावात पहिला रेडिओ आला, त्यावर एका रेडिओ कंपनीने सत्तर वर्षांपूर्वी जाहिरातपट काढला होता. तो माणिकपूरच्या हॉलमध्ये दाखवत होते. पडद्यावर एक शेतकरी रेडिओच्या मागे डोकं घालून बसला होता. निवेदक लाडात म्हणाला, "हा भोळा गडी पेटीतला माणूस शोधतोय!" हॉल खदखदून हसला.

आयोजक सिद्धेशने फिल्म थांबवली. "काय येडे लोक होते यार! आजी, तुम्ही चांदीपच्या ना? कोण हा नमुना?"

पहिल्या रांगेतल्या पुतळाबाई उठल्या. "माजा बाप."

सिद्धेश चपापला. "सॉरी आजी. पण ते खरंच माणूस शोधत होते?"

"माजा बाप लढाईत पलटनीचे वायरलेस दुरुस्त करायचा. कंपनीचा रेडिओ गावात येऊन बंद पडला. कंपनीचे सुटाबुटातले चार सायब पेटीला नुसते थोपटत बसले. बाप मागून तार जोडत होता, तवा त्यांनी हे चित्र काढलं."

त्यांनी सिद्धेशला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"लाव पुढं. आता रेडिओ वाजंल, आनि हार सायबाच्या गळ्यात पडंल."