सगळ्यात खालचं बटण

"नाव तुझं असलं तरी निवडणूक माझी आहे," मतदानाला निघताना नवऱ्यानं शेवंताला बजावलं. जागा बायकांसाठी राखीव झाली म्हणून त्यानं तिला उभं केलं होतं. विरोधात मंदाला तिच्या नवऱ्यानं. बचत गटात दोघी समोरासमोर बसून पापड लाटायच्या. अर्ज भरल्यापासून त्यांचं बोलणंही नवऱ्यांनी बंद केलं.

मशीनवर दोघींची नावं खाली-वर होती. शेवंताचं बोट आपल्या नावावर थांबलं, मंदाच्या नावावर थांबलं, आणि तिनं सगळ्यात खालचं बटण दाबलं: वरीलपैकी कोणीही नाही, म्हणजे नोटा.

मतमोजणीत शेवंता निवडून आली. हार नवऱ्याच्या गळ्यात पडला, तिच्या कपाळाला चिमूटभर गुलाल लागला.

"नोटाला दोन मतं कुणी दिली तेवढं शोधून काढतो," नवरा कार्यकर्त्यांना म्हणाला.

दोन ऐकून शेवंता चमकली. एक तर तिचंच होतं.

मैदानाच्या पलीकडे मंदा हरल्याबद्दल नवऱ्याची बोलणी खात उभी होती. दोघींची नजरानजर झाली. मंदानं शाई लागलेलं बोट हळूच खाली, जमिनीकडे केलं.

शेवंतानं पदराआडून तसंच केलं.