बरणीतलं पाणी

आमचे हे बंगळूरच्या गिरणीत बॉयलर सांभाळायचे. दाब असतो तो वाफेचा, एवढंच यांना ठाऊक. मल्लेश्वरमच्या डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून बजावलं, “अण्णा, रक्तदाब वाढलाय. उप्पु बेडा, मीठ बंद. मीठ अंगात पाणी धरून ठेवतं, त्यानं रक्तवाहिन्या ताणल्या जातात.” घरी येताच हे म्हणाले, “मीठ कसलं पाणी धरतंय?” आणि ताटात खडेमीठ मागतच राहिले. किती खातात ते बघावं, म्हणून मीही रोज तेवढंच उघड्या बरणीत टाकू लागले. श्रावणात एकदा जेवताना यांची नजर बरणीवर गेली. “यात पाणी कुणी ओतलं?” “कुणीच नाही. मिठालाच सुटलंय.” यांनी बरणी उजेडात धरून हलवली. मग आपल्या सुजलेल्या पावलावर अंगठा दाबला. खळगा भरेना. शेवटी ताटातलं मीठ चिमटीत घेऊन म्हणाले, “हेही त्यात टाक. बघू, अजून किती ओढतंय.”