बंबाचं जळण

“एकदाच आलेल्या आकड्याला शोध म्हणत नाहीत, अपूर्वा,” श्यामसुंदर सर चष्मा पुसत म्हणाले. “शुक्रवारपर्यंत पुन्हा आणून दाखव. नाहीतर विषय बदल.” आकडा तू घरी बसून लिहिलास, असं ते म्हणाले नाहीत. पण न बोलता बोलण्यात आम्हा पुणेकरांचा हात कोण धरणार?

अपूर्वाचं संशोधन म्हणजे नारळाच्या करवंट्यांचा कोळसा करायचा आणि त्याची पूड वीज साठवणाऱ्या पट्टीवर बसवायची. कोळशाला बारीक छिद्रं जितकी जास्त, तितकी वीज जास्त मावते. ती छिद्रं पडावीत म्हणून बाकीचे त्यात पोटॅशचा क्षार घालतात. अपूर्वाचा दावा असा, की नुसती करवंटी पुरे, वरून काही घालायला नको. पहिल्या खेपेला तिच्या पट्टीत इतकी वीज साठली, की सगळी प्रयोगशाळा बघायला धावली. त्या करवंट्या घरच्या, बंबाच्या जळणातल्या होत्या. मग तिनं बुधवार पेठेतून पोतंभर आणल्या, आणि तेव्हापासून ठणठणगोपाळ!

ती घरी आली तेव्हा सासूबाई, म्हणजे वासंतीबाई, बंब पेटवत होत्या. नवरा सौमित्र वायटूकेच्या संगणकी कामाला अमेरिकेत, घरात या दोघीच. सासूबाईंची जीभ तिखट.

“आलात? आज काय नेणार, माझी चूल?”

एरवी अपूर्वानं हे मुकाट्यानं गिळलं असतं. आज ती तिथंच मटकन बसली आणि रडायलाच लागली. “आई, तुमचं जळण आता तुम्हालाच. सरांना वाटतं, मी खोटं बोलले.”

वासंतीबाईंच्या हातातली फुंकणी खाली पडली.

“तू कशाला बोलशील? खोटं मी बोलले गं. धुऊ नका, आहेत तशाच द्या, म्हणून तू बजावलं होतंस ना? मी धुतल्या. बंबातली राख पाण्यात कालवली, त्यात रात्रभर भिजत घातल्या आणि नुसत्या निथळून वाळवल्या. मेली माझी खोड! तुझ्या शिक्षणाचं मी वाटोळं केलं.”

अपूर्वानं डोळे पुसले. लाकडाची राख! लाकडाच्या राखेत पोटॅशच असतं, हे तर ती कॉलेजात शिकली होती. म्हणजे तिचा दावा चुकला होता, पण आकडा खरा होता. तिनं सासूबाईंना अशी मिठी मारली, की दोघींच्या लुगड्या-ओढण्यांना राख लागली.

मग दोघींनी मिळून करवंट्या राखेच्या पाण्यात भिजवल्या. शुक्रवारी आकडा पुन्हा आला, आधीपेक्षा थोडा वरच. सरांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. “दावा बदलून लिही,” ते म्हणाले, “आणि त्या बाईंना माझा नमस्कार सांग.”

नमस्कार ऐकून वासंतीबाई नुसत्या “हं” म्हणाल्या आणि भाजी निवडत राहिल्या. अपूर्वा त्यांच्या पाया पडली. किती उपकार मानावेत, तिला कळेना.

“पण आई, जळणाच्या करवंट्या कुणी धुतं का? कशाला धुतल्यात?”

त्यांनी मान वर केली नाही.

“एवढ्या शिकलेल्या लोकांत पहिल्यांदाच आपल्या घरचं काही घेऊन जाणार होतीस. तेलकट करवंट्या बघून माझ्या पोरीला कुणी हसलं असतं म्हणजे?”